गुंडातल्या पाण्यातले पाहुणे



लाखनी तालुक्यातील एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांच्या गावी नळाला एक दिवसाआड पाणी येते. नळ आला नाही तर बोडीशेजारच्या विहिरीवरून गुंड भरून आणावा लागतो. एक दिवस त्यांच्या सातवीतल्या मुलीने त्या पाण्याचा ग्लास भरला आणि खिडकीतल्या उन्हात धरला. पाण्यात बारीक पांढरे ठिपके उड्या मारत होते. सासूबाई म्हणाल्या, "हे पाणी प्यायलात तर नारू होईल." भगिनीने घाबरून भरलेले दोन्ही गुंड मोरीत ओतून दिले. दुसऱ्या दिवशी नळ आलाच नाही. शेजारणीकडे मागायला गेल्या तेव्हा ती म्हणाली, "आम्ही तर रोज हेच पितो, आम्हाला काही झाले नाही." भगिनी विचारतात, "खरे कोणाचे मानावे?"

ताई, सासूबाईंचे अर्धे खरे आहे आणि शेजारणीचेही अर्धेच खरे आहे. डोक्यावरून आणलेले दोन गुंड पाणी म्हणजे काय कष्ट असतात, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून पाणी ओतून देण्याआधी आणि पिण्याआधीही, पाण्यात आलेला पाहुणा कोण आहे हे ओळखायला शिकले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मुलीने वापरलेला ग्लास आणि खिडकीतला उजेड एवढे पुरते.

पाहायचे कसे?

नक्षी नसलेला काचेचा ग्लास किंवा जॅमची रिकामी बरणी घ्या. स्वच्छ धुऊन तिच्यात पाणी भरा. मागे काळे कापड धरा आणि बाजूने बॅटरीचा उजेड पाडा. पाच मिनिटे बरणी हलवू नका. पांढुरके जीव काळ्या कापडावर उठून दिसतात. रात्री अंधारात बॅटरी एका बाजूला लावून ठेवली तर यांतले पुष्कळसे जीव उजेडाकडे गोळा होतात. शाळेतले भिंग मिळाले तर उत्तमच. नाहीतर घरातल्या मोबाईलच्या कॅमेऱ्याने जवळून चित्र काढून ते बोटांनी मोठे करा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आधी चाल पाहायची, मग रूप. खसखशीएवढ्या जीवाचे रूप सहज दिसत नाही, पण तो कसा चालतो हे साध्या डोळ्यांनी कळते. अंधारात पावलांच्या आवाजावरून घरचे माणूस ओळखतो, तसेच हे.

पहिला पाहुणा : सायक्लोप्स

हा साधारण एक मिलिमीटरचा, कधी त्याहून लहान. याची चाल झटक्याची. झटका, थांबा, पुन्हा झटका. एका दिशेने जाईल असे वाटते तोच दुसरीकडे निघून जातो. भिंगातून पाहिले तर अंग थेंबासारखे, पुढे रुंद आणि मागे निमुळते. शेपटीला दोन फाटे. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, लाल किंवा काळसर ठिपक्यासारखा. ग्रीक लोकांच्या जुन्या कथांत सायक्लोप्स नावाचे एक डोळ्याचे राक्षस आहेत, त्यांच्यावरून हे नाव पडले. मादी ओळखणे तर फारच सोपे. तिच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात. कावडीला दोन बाजूंनी दोन घागरी लावाव्यात तशा. ही कावड दिसली की समजा, सायक्लोप्सच.

दुसरा पाहुणा : पाणपिसू

शास्त्रात हिला डॅफ्निया म्हणतात. नाव पिसू असले तरी ही चावत नाही आणि रक्तही पीत नाही. हिची चाल उडीची. टुणकन वर येते, मग हळूहळू खाली बसत जाते, पुन्हा उडी. डोक्याच्या बाजूंना फांद्यांसारखे दोन हात असतात. त्यांनी ती नाव वल्हवावी तसे पाणी मारते. आकाराने एक ते तीन मिलिमीटर, म्हणजे सायक्लोप्सपेक्षा बहुधा मोठी आणि गोलसर. अंगावरचे कवच काचेसारखे पारदर्शक. भिंगातून पाहा, पाठीशी हृदय भराभर धडधडताना दिसेल. पोटात हिरवट आतडे दिसेल आणि पाठीवरच्या पोकळीत अंडी किंवा पिल्लेही दिसतील. पाणी चांगले आणि खायला भरपूर असेल तेव्हा पाणपिसूची मादी नराशिवायच पिल्लांना जन्म देते. मग आठ-पंधरा दिवसांत बोडीचे पाणी त्यांनी भरून जाते. पाण्यात प्राणवायू कमी पडला की हिचे अंग लालसर होते. कारण अशा वेळी ती आपल्या शरीरात हिमोग्लोबिन वाढवते. आपल्या रक्ताला लाली देणारे द्रव्यही हिमोग्लोबिनच.

तिसरा पाहुणा : दोन टरफलांचा

याला ऑस्ट्रॅकॉड म्हणतात. दिसायला मोहरीच्या लहानशा दाण्यासारखा. पण हा दाणा चालतो! पाण्याच्या मध्यावर फारसा थांबत नाही, तळाच्या गाळावर सरसर पळतो. त्याला झटका नाही आणि उडीही नाही. शिंपल्यासारखी दोन टरफले असतात, त्यांच्या फटीतून पाय बाहेर काढून तो धावतो. काडीने डिवचले तर टरफले मिटून गप्प पडतो. धानाच्या बांधीत पाणी साचलेले असते तेव्हा तळाशी असे जीव पुष्कळ मिळतात.

चौथा पाहुणा : पावसाळी झिंगा

हा घरच्या गुंडात येत नाही, पण मुलांना दाखवण्यासारखा आहे. उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत पडलेले डबके पावसात भरले की काही दिवसांत त्यात एक-दोन सेंटिमीटरचा, पारदर्शक, झिंग्यासारखा जीव कधी कधी दिसतो. तो पाठीवर उलटा पोहतो आणि त्याचे पानासारखे पाय लाटेसारखे हलत राहतात. डबके आटले की तो मरतो, पण त्याची अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. पाणी मिळाले की त्यांतून पुन्हा जीव बाहेर येतो. पावसाबरोबर हे जीव आभाळातून पडले असे कोणी म्हणाले तर मुलांना खरे कारण सांगा. ते मातीतच होते, पाण्याची वाट पाहत होते.

हे सगळे एकाच कुळातले. या कुळाला कवचधारी प्राणी म्हणतात. आपण वांग्यात घालतो तो झिंगा आणि बांधावरच्या बिळातला खेकडा हे याच कुळातले थोरले भाऊ. खूण अशी की अंगावर कवच असते, पायांना सांधे असतात आणि डोक्यावर स्पर्शिकांच्या, म्हणजे मिशांच्या, दोन जोड्या असतात. माशी, डास, झुरळ या कीटकांना मिशांची एकच जोडी आणि सहा पाय असतात. अंग वाढले की कवचधारी प्राणी जुने कवच टाकून देतात. बरणीच्या तळाशी पाणपिसूची रिकामी कवचे दिसली तर पिसवा मेल्या असे समजू नका.

हे कूळ समुद्रातही पसरलेले आहे. सायक्लोप्सचे समुद्रातले भाऊबंद तर पृथ्वीवर सर्वांत जास्त संख्येने असलेल्या प्राण्यांत मोडतात. मोठ्या शहरांतले काही हौशी लोक घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवतात. तेही रात्री दिवे मालवून, बॅटरी घेऊन काचेवर हेच बारीक जीव शोधत बसतात आणि दिसले की खूश होतात. कारण मँडरिन नावाची रंगीत मासोळी अशाच जीवांवर जगते. पेटीत ते नसतील तर ती बहुधा उपाशी मरते. म्हणजे जो जीव पाहून आमच्या भगिनीने गुंड ओतला, तसाच जीव पाहून दुसरा कोणी समाधानाने झोपतो. फरक एवढाच की ते पाणी मासोळीसाठी आहे आणि हे पाणी आपल्या लेकरांसाठी आहे.

हा मात्र पाहुणा नव्हे

आता ज्याला खरोखर भ्यायला हवे तो ओळखा. पाण्याच्या वरच्या थराला लोंबकळणारी, ग्लासला टिचकी मारताच वळवळत खाली जाणारी आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येणारी अळी दिसली तर ती डासाची. ती वर येते श्वास घेण्यासाठी. स्वल्पविरामासारखा वाकडा, मोठ्या डोक्याचा जीव दिसला तर तो डासाचा कोष. दोन-तीन दिवसांत त्यातून डास उडणार.

ही अळी कवचधारी नाही आणि बहुधा विहिरीतून आलेली नसते. ती घरातच जन्मलेली असते. डेंग्यू पसरवणारा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. त्या दिवशी रांजण, ड्रम, टाकी रिकामी करायची आणि आतली कड घासून काढायची. या डासाची अंडी पाण्याच्या वरच्या कडेला भांड्यालाच चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. नुसते पाणी बदलले आणि भांडे घासले नाही तर मेहनत वाया गेली. अळी असलेले पाणी मोरीत किंवा नालीत ओतू नका. कोरड्या जमिनीवर, उन्हात ओता.

तळाशी लाल, धाग्यासारखी अळी वळवळत असेल तर तीही एका न चावणाऱ्या माशीसारख्या कीटकाची असते. ती रोग पसरवत नाही, पण टाकीच्या तळाला गाळ बसल्याची ती निशाणी आहे. टाकी धुवायला हवी, हा तिचा निरोप.

सासूबाईंचे अर्धे खरे

सासूबाई नारूचे नाव घेतात ते उगाच नव्हे. त्यांच्या पिढीने नारू पाहिला असेल किंवा ऐकला असेल. नारू हा दोऱ्यासारखा कृमी. मादी दोन हात लांबीपर्यंत वाढते. आणि तो माणसाच्या शरीरात जातो तो याच सायक्लोप्सच्या पोटातून. १८७० साली फेदचेन्को नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने हे शोधून काढले.

त्याचे चक्र असे. ज्यात नारूचे बारीक पिल्लू शिरले आहे असा सायक्लोप्स पाण्यातून पोटात जातो. पोटात सायक्लोप्स मरतो, पण नारूचे पिल्लू जगते. सुमारे वर्षभर ते शरीरात वाढते. मग एक दिवस पायाला फोड येतो, भयंकर आग होते आणि फोड फुटून कृमीचे टोक बाहेर येते. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो. त्याच क्षणी कृमी पाण्यात हजारो पिल्ले सोडतो. ती सायक्लोप्स खातो आणि चक्र पुन्हा सुरू होते. यावर औषध नाही आणि लसही नाही. काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा कृमी ओढून काढायचा, एवढाच उपाय. आणि हे दुखणे यायचे नेमके कामाच्या दिवसांत. पाय सुजलेला माणूस रोवणीला कसा जाणार? मजुरी बुडायची आणि मग घरात चूल पेटायची नाही.

हा रोग कोणाला व्हायचा तेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या वाट्याला उघड्या डबक्याचे, पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी यायचे त्यांना. बांधीव विहिरीवर ज्यांना पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांच्या घागरीत कोणते पाणी असे हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते माणुसकीच्या हक्कासाठी. पण तो हक्क नाकारल्याने माणसाच्या पोटात काय काय जात होते, त्याचाही हिशेब त्यात होता असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता आनंदाची बाजू. भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ साली सुरू झाला. त्या वेळी ज्या राज्यांत नारू होता त्यांत महाराष्ट्रही होता. गावोगावी हातपंप बसले. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा सुधारल्या. पाण्यात सायक्लोप्स मारणारे औषध टाकले गेले. घरोघरी कापडी गाळण्या वाटल्या आणि नारू झालेल्या माणसाला पाण्यात उतरू दिले नाही. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. जगात १९८६ साली वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता. २०२३ साली सगळ्या जगात माणसांतले फक्त १४ रुग्ण नोंदले गेले. औषध नाही, लस नाही, तरीही एवढा मोठा रोग हरला. हरवला कोणी? हातपंपाने आणि फडक्याने.

म्हणून ताई, सासूबाईंना सांगा, तुमचा धाक बरोबर होता, पण आता या पाण्याने नारू होणार नाही. पाण्यात सायक्लोप्स राहिला, पण त्याच्या पोटातला नारू आपल्या देशातून गेला.

शेजारणीचेही अर्धेच खरे

मग पाणी तसेच प्यावे का? नाही. सायक्लोप्स आणि पाणपिसू स्वतः विषारी नाहीत. चुकून पोटात गेले तर पचून जातात. पण ते दिसले याचा अर्थ हे पाणी उघड्या जागेतून, न गाळता आपल्यापर्यंत आले आहे. जिथून हे जीव आले त्याच वाटेने न दिसणारे जंतूही येऊ शकतात.

शिवाय पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू या बारीक कवचधारी जीवांच्या अंगाला चिकटून राहतात. एकेका जीवावर हजारो जंतू असू शकतात. यावरून अमेरिकेच्या शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या बांगलादेशातील सहकाऱ्यांनी एक साधा विचार केला. जीव गाळला तर त्याच्यावर स्वार झालेला जंतूही गाळला जाईल. बांगलादेशातल्या मतलब भागातील ६५ गावांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकांमध्ये त्यांनी हे करून पाहिले. बायकांना सांगितले, जुनी साडी घडी घालून घागरीच्या तोंडावर धरा आणि पाणी गाळून भरा. २००३ साली निकाल प्रसिद्ध झाला. साडीने गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला होता. म्हणजे जवळजवळ निम्मा!

नवी साडी नव्हे, जुनीच साडी का? वापरून, धुऊन सुताचे तंतू पिंजतात आणि विणीतली भोके बारीक होतात. जुन्या सुती साडीच्या चार घड्या केल्या तर भोक सुमारे २० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे उरते. सायक्लोप्स तर त्यातून जातच नाही, त्याची पिल्लेही अडकतात. आपल्या पेटीत पडलेले आजीचे लुगडे हे असे मोलाचे यंत्र आहे.

गाळायची रीत

जुने सुती लुगडे किंवा धोतर घ्या. नायलॉनचे, टेरिकॉटचे नको. किमान चार पदरी घडी करा. गुंडाच्या तोंडावर बसवून दोरीने बांधा आणि पाणी हळू ओता. गाळून झाल्यावर फडक्याची वरची बाजू वरच राहू द्या, उलटी करू नका. उलटे केले की अडकलेले सगळे पुन्हा पाण्यात जाते. मग फडके झटकून धुवा, शेवटी गाळलेल्या पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळवा. ओले फडके दोन दिवस तसेच वापरणे म्हणजे घाण साठवणे होय. पिण्याच्या पाण्याचे फडके वेगळे ठेवा. त्याने हात पुसू नका, भांडी उतरवू नका.

पण गाळले म्हणजे झाले, असे नव्हे. काविळीचे, हगवणीचे जंतू, तसेच पाण्यात सुटे तरंगणारे जंतू फडक्यातून सहज पार होतात. दिसते ते गाळायचे, दिसत नाही ते उकळायचे, हे सूत्र लेकरांना पाठ करून द्या. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट पाणी खळखळ उकळू द्यावे.

रोज एवढे जळण किंवा गॅस कोठून आणायचा, असे कोणी विचारील. प्रश्न खरा आहे. क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावणाबद्दल आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा आणि ते किती टाकायचे तेही त्यांच्याकडूनच समजून घ्या. दुसरा उपाय उन्हाचा. गाळलेले नितळ पाणी रंग नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास आडवे ठेवा. पुष्कळसे जंतू मरतात. पाणी गढूळ असेल किंवा आभाळ असेल तर मात्र या उपायावर विसंबू नका.

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली तरी सायक्लोप्स जिवंत कसा, असेही पुष्कळजण विचारतात. पावडर टाकल्यावर तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावे असा नियम आहे. तेवढ्याने रोगजंतू मरतात, पण सायक्लोप्स मरायला त्याच्या दहापट लागते आणि तेवढे क्लोरीन कोणी पिऊ शकणार नाही. म्हणून पावडरही हवी आणि फडकेही हवे. एकाचे काम दुसरा करत नाही.

आणखी एक. शेतातल्या खत-औषधाचा अंश उकळून जात नाही, गाळूनही जात नाही. फवारणीचा पंप विहिरीवर किंवा बोडीवर धुऊ नका. पाणपिसू विषाला इतकी नाजूक आहे की जगभर पाण्यातले विष तपासायला तिचाच उपयोग करतात. भरलेल्या बोडीतल्या पिसवा एकाएकी नाहीशा झाल्या आणि मासोळ्या वर येऊन तडफडू लागल्या तर ते पाणी माणसाने आणि ढोरानेही पिऊ नये. पण पिसवा जिवंत आहेत म्हणून पाणी पिण्याजोगे आहे, असा उलटा अर्थही काढू नका.

तलावाला मात्र ते हवेच

घरच्या गुंडात नको असलेला हा पाहुणा तलावाच्या घरचा कर्ता पुरुष आहे. आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी या भागात तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. या तलावांवर धान पिकतो आणि ढिवर बांधवांची चूल पेटते.

मत्स्यबीज वाढवणारा माणूस लहान तळ्यात आधी शेण घालतो. का? शेणाने पाण्यात हिरवे शेवाळ वाढते, शेवाळावर पाणपिसू आणि तिचे भाऊबंद वाढतात आणि त्यांच्यावर रोहू, कटला, मृगळ यांची बारीक पिल्ले वाढतात. कटला तर मोठी झाल्यावरही पाण्याच्या वरच्या थरातले हेच जीव गिळते. रविवारच्या बाजारातून आणलेली कटला म्हणजे लाखो पाणपिसवांची कमाई आहे. याच कुळातले काही वाट चुकलेलेही आहेत. मासोळीच्या अंगाला चिकटून रक्त पिणारी चपटी ऊ आणि कातडीत नांगरासारखे तोंड रुतवून बसणारा दोऱ्यासारखा जीव, हेही कवचधारीच. मासोळी विकत घेताना अंगावर असे काही दिसले तर ती नीट साफ करून, चांगली शिजवून खावी.

चिवराचे टोक

शेवटी एक जुनी गोष्ट. भिक्खूला जवळ बाळगण्याच्या आठ वस्तू सांगितल्या आहेत. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि आठवी वस्तू परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे फडके. जीव असलेले पाणी जाणूनबुजून वापरू नये, मातीवर ओतूही नये, असे विनयाचे नियम आहेत. नियम करताना पाण्यातल्या त्या इवल्या जीवाचाही विचार केला होता.

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. दोन भिक्खू कोसल देशात प्रवास करत होते. एकाजवळ गाळणी होती, दुसऱ्याजवळ नव्हती. वाटेत दोघांत बिनसले होते. दुसऱ्याने गाळणी मागितली, पहिल्याने रागाने दिली नाही. तो भिक्खू तहानेने मरण पावला. हे कळल्यावर भगवान बुद्धांनी नियम घालून दिला. प्रवासात कोणी गाळणी मागितली तर नाही म्हणू नये आणि गाळणीशिवाय प्रवासाला निघू नये. आणि गाळणी नसेलच तर? तर चिवराचे टोक गाळणी समजून त्यातून पाणी गाळून प्यावे.

अडीच हजार वर्षांपूर्वीचे चिवराचे टोक आणि २००३ साली बांगलादेशातल्या बाईच्या हातातली जुनी साडी यांच्यात अंतर किती? फार नाही. त्या काळी भिंग नव्हते, पण पाण्याकडे निरखून पाहणारे डोळे होते.

ताई, तुमच्या मुलीनेही तेच केले. पाणी खिडकीत धरून पाहिले म्हणून तिला रागावू नका. येत्या रविवारी तिला बरणी, काळे कापड आणि बॅटरी द्या. शेजारणीच्या मुलांनाही बोलवा. नळाचे, विहिरीचे आणि बोडीचे असे तीन पाणी तीन बरण्यांत भरा. झटका कोणाचा, उडी कोणाची, तळाशी कोण पळतो, वर कोण लोंबकळतो, हे वहीत लिहायला सांगा. मग त्याच पाण्यातून चार पदरी लुगड्याने गाळून पुन्हा पाहायला सांगा. गाळल्यावर ठिपके दिसेनासे झाले की सासूबाईंनाही बोलावून ग्लास दाखवा. आणि नळाच्या बरणीत कावड लटकवलेला सायक्लोप्स निघालाच, तर ती बरणी घेऊन मुलीसह ग्रामपंचायतीत जा आणि टाकी कधी धुतली ते विचारा. डोळ्यांनी दाखवलेल्या पुराव्याला उत्तर द्यावेच लागते.

पुढच्या वेळी नळ आला नाही तर गुंड ओतू नका. गाळा, उकळा आणि प्या. शेजारीण फडके मागायला आली तर तिलाही द्या.